खोगिराचं माप

“मास्तर, बसलायसा का उडायलायसा?”

मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या रिसालदार इंगवल्यांनी हाक दिली आणि कुंपणाशी रेललेली मंडळी खो-खो हसली. मी उडत होतो यात वाद नव्हता. कस्तुरी घोडी नुसती चालत असेपर्यंत मी एखाद्या सरदारासारखा दिसायचो. तिनं दुडकी धरली, की माझं बूड खोगिरावर कमी आणि हवेत जास्त. मी खाली यायचो तेव्हा खोगीर वर यायचं, आणि खोगीर खाली गेलं की मी वर. आठ महिने झाले तरी आमची दोघांची गाठ काही पडत नव्हती.

“रिसालदार, या खोगिरात काहीतरी खोट आहे,” मी ओरडून सांगितलं.

“व्हय तर! नाचता येईना, अंगण वाकडं!”

मंडळी पुन्हा हसली. त्यात घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार दस्तगीरसुद्धा होता. त्याचं मला जास्त लागलं, कारण माझं तीनदा पडणं त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी दिगंबर माळवदे, कोल्हापुरात माझं कोट-सुटाचं दुकान. शहराबाहेर उसाच्या फडांना लागून घोडेस्वारीचा एक क्लब होता, तिथल्या स्वारांचे कोट आणि तंग विजारी वीस वर्षं मीच शिवत होतो. लोकांच्या मांड्यांची मापं घेता घेता पन्नाशी आली, पण स्वतः घोड्यावर मांड कधी टाकली नव्हती. एकदा तिथं घोडेस्वारी शिकवणारे, फौजेतून निवृत्त झालेले रिसालदार ट्रायलला आले आणि म्हणाले, “शिवताय झकास. पण बसल्यावर शिवण कुठं टोचतीया, ते खाली उभारून तुमास्नी काय कळणार?” त्यांच्या या एका वाक्यानं मी क्लबात गेलो आणि कस्तुरीवर बसलो. शिंप्याचा जन्म गिऱ्हाइकाच्या पायाशी वाकण्यात जातो. त्या दिवशी पहिल्यांदा मला लोकांच्या टोप्या वरून दिसल्या. मला इतका आनंद झाला, की मी खाली उतरायलाच तयार नव्हतो.

बायकोनं, विजयमालानं, या प्रकरणाला ना हो म्हटलं, ना नाही. ती हायस्कुलात गणित शिकवायची, नववी ‘ब’ची वर्गशिक्षिका होती. तिला शाळेत बाई म्हणत आणि मला दुकानात मास्तर, पण शिकवणारं माणूस घरात एकच होतं. मी पडून आलो की ती पाठीला तेल चोळायची. दुकान उशिरा उघडायला लागलं, लग्नसराईतले दोन कोट लांबले, तरी काही बोलली नाही. शेवटी तिच्या त्या न बोलण्यानंच मला चेव आला. एका रात्री पाठ चोळून घेता घेता मी जाहीर करून टाकलं, “सव्वीस जानेवारीच्या परीक्षेत पास झालो नाही, तर पुन्हा घोड्याचं नाव काढणार नाही. शब्द आहे माझा.”

“बरं,” ती म्हणाली आणि तेलाच्या बाटलीला बूच लावलं.

ती परीक्षा ड्रेसाजची. ड्रेसाज म्हणजे घोड्यावर बसून केलेली कवायत. मैदानाच्या कडेनं अक्षरांच्या पाट्या असतात. या पाटीकडून त्या पाटीकडे वळायचं, मध्येच गोल काढायचा, थांबायचं, पुन्हा निघायचं, शेवटी मैदानाच्या मधल्या रेषेवरून सरळ येऊन सलामी द्यायची. आणि हे सगळं असं, की स्वार काही करतोय हे दिसताच कामा नये. आमच्या क्लबातल्या नवशिक्यांना दहा प्रकार, प्रत्येकाला दहा गुण, पन्नासला पास. त्यातली निम्मी परीक्षा दुडकीवर होती, तीही बूड न उचलता. शब्द देऊन झाला होता आणि बूड जागेवर राहत नव्हतं, अशी माझी अवस्था होती.

त्या दिवशी मी उतरलो तेव्हा कुंपणापाशी नेर्लेकर उभे होते. फाउंड्रीचे मालक, माझं जुनं गिऱ्हाईक, मनानं दिलदार.

“मास्तर, तुम्ही म्हणताय ते खरं आहे,” ते हळूच म्हणाले. “हे क्लबाचं खोगीर म्हणजे सार्वजनिक खुर्ची. ड्रेसाजचं खोगीरच वेगळं असतं. बैठक खोल, पाय सरळ खाली सुटतो, आणि गुडघ्यापुढं अशी गच्च उशी, की हलायचं म्हटलं तरी हलता येत नाही. माझं जर्मन खोगीर घरी पडून आहे, घोडा विकल्यापासून. आठवडाभर वापरून बघा. पटलं तर ठेवून घ्या.”

मी लगेच रिसालदारांकडे गेलो. ते कस्तुरीचे खूर बघत होते.

“रिसालदार, नवशिक्याला ड्रेसाजचं खास खोगीर लागतं का हो?”

त्यांनी खूर खाली ठेवला. “नवशिक्याला पयलं घोडं लागतंय. मग ढुंगण. मग खोगीर. तुमचं गाडं अजून दुसऱ्यावरच अडलंय.”

“पण चांगल्या खोगिरात ते लवकर बसेल की.”

“बसंल बी. मी उद्या पुतणीच्या लग्नाला साताऱ्याला चाललोय. पंचवीसला येतो. तवर काय ठरवू नका, आल्यावर घोडीच्या पाठीवर ठेवून बघू.”

पंचवीसला येऊन बघणार, म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी. इथं माझा जीव टांगणीला लागलेला. मी मान डोलावली आणि संध्याकाळी नेर्लेकरांच्या घरून खोगीर उचलून आणलं.

काय वस्तू होती ती! काळंभोर कातडं, हात फिरवला की लोण्यासारखं. शिवण तर अशी, की मी भिंग लावून टाके मोजले. सोफ्याच्या हातावर ते ठेवलं आणि त्यावर मांड टाकून बसलो. मग टेप काढला. बैठकीची लांबी घेतली, स्वतःच्या मांडीचं माप घेतलं, कमरेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. उशी बरोबर गुडघ्याच्या वर येत होती. अर्ध्या इंचाचाही फरक नाही! कपाटाच्या आरशात तिरका होऊन पाहिलं, पाठ सरळ, पाय लांब.

“माझ्यासाठीच कापलंय जसं काही,” मी म्हणालो.

विजयमाला पेपर तपासत होती. तिनं चष्म्यावरून पाहिलं. “सोफा पास झाला तुमचा,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोगीर कस्तुरीवर चढलं. दस्तगीरनं पोटाखालचा पट्टा आवळला, तशी तिनं कान मागं पाडले आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“मास्तर, पट्टा आवळताना असं करत न्हाई ती कदी,” दस्तगीर म्हणाला.

“नवं आहे ना, बिचकत असेल. नवा बूट आपल्यालासुद्धा दोन दिवस चावतो.”

“तिचं तिला म्हाईत,” असं म्हणून त्यानं रिकीब माझ्यापुढं धरली.

आणि काय सांगू, मी बसलो! दुडकीवर बसलो! गुडघे उशीत असे रुतले, की उडायला जागाच नव्हती. कुंपणावरचं हसू बंद झालं. नेर्लेकरांनी लांबून अंगठा वर केला. घोडी जरा आखडून चालतेय, वळताना डोकं झटकतेय, हे मला कळत होतं. पण आठ महिन्यांनी जागेवर बसलेल्या माणसाला दुसऱ्याचं दुखणं कुठलं ऐकू येणार? चार दिवस मी त्या खोगिरात रपेट केली. चौथ्या दिवशी पट्टा आवळताना कस्तुरीनं दस्तगीरच्या बाहीला दात लावला, तर मी उलट तिलाच दटावलं. हे आजही आठवलं की माझी मला लाज वाटते.

पंचवीसला सकाळी रिसालदार आले ते थेट मैदानात. फेट्याला अजून लग्नाचा गुलाल होता. मी मुद्दाम त्यांच्यासमोरून दोन फेऱ्या दुडकीवर मारल्या. ते नुसते कस्तुरीकडे बघत राहिले.

“उतरा,” म्हणाले.

मी हसत उतरलो. मला वाटलं, आता पाठीवर थाप पडणार. त्यांनी स्वतः पट्टा सोडला, खोगीर आणि त्याखालचा नमदा उचलून बाजूला ठेवला आणि मला जवळ बोलावलं.

“वाचता येतंय काय हे?”

कस्तुरीची पाठ घामानं भिजली होती. काळपट, ओली, खोगिराच्या आकाराची. पण मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो त्याच्या दोन्ही बाजूंना, खांद्यामागं, तळहाताएवढे दोन ठिपके कोरडे ठणठणीत होते.

“तिथं घाम आला नाही,” मी म्हणालो.

“का न्हाई आला?”

त्यांनी त्या कोरड्या जागेवर दोन बोटं ठेवली आणि जरा दाबली. कस्तुरीची पाठ खाली दबली आणि तिच्या अंगावरून शहारा गेला.

“जिथं खोगीर चावतंय, तिथं घाम सुदिक बाहेर येत न्हाई. खोगीर काढल्यावर रोज पाठ वाचायची, ही आमची फौजेतली पयली शिकवण. नेर्लेकर सायबांचं घोडं हुतं अरुंद, शिडशिडीत. ही बाई खांद्यात भरलेली. ते खोगीर चार दिवस चिमट्यागत धरून बसलंय तिला.” मग ते माझ्याकडे वळले. राग नव्हता, पण मला तो असता तर बरं वाटलं असतं. “मास्तर, कोट शिवताना माप कुणाचं घेताय?”

“गिऱ्हाइकाचं.”

“म्हंजे जो घालणार त्याचं. मग खोगीर कोण घालतंय?”

तीस वर्षं टेप गळ्यात घालून फिरलो. एका इंचाच्या चुकीसाठी कारागिरांना फैलावर घेतलं. आणि या खोगिरासाठी मी माझ्या मांडीचं माप घेतलं, कमरेचं घेतलं, सोफ्याचंसुद्धा घेतलं. जिच्या अंगावर ते चढायचं होतं, तिला एकदाही टेप लावला नव्हता. मला तिथंच रडू येईल असं वाटलं. मी कस्तुरीच्या नाकाजवळ हात नेला, तर तिनं तोंड फिरवलं.

एवढ्यात नेर्लेकर आले. सगळं ऐकून त्यांना वाईटच वाटलं, पण माझा शब्दही त्यांना ठाऊक होता. “मास्तर, एकच दिवस राहिलाय,” ते म्हणाले. “खाली जाड नमदा टाका. पाच मिनिटांची परीक्षा. एवढ्यानं ती काही मरत नाही. नंतर महिनाभर विश्रांती द्या. या खोगिरात तुम्ही हमखास पास आहात.”

हे खोटं नव्हतं. पास होतो की मी. रिसालदार आणि दस्तगीर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला खरंच मोह झाला, लपवत नाही. घोड्यावरची ती सकाळ, ती उंची, तो वारा, हे सगळं सोडून पुन्हा गिऱ्हाइकाच्या पायाशी वाकायला मन तयार नव्हतं. पण कस्तुरीची पाठ दबलेली मी डोळ्यांनी पाहिली होती.

“नको,” मी म्हणालो. “खोगीर आजच परत देतो. तिच्यावर आता कुठलंच खोगीर नको.”

“दहा-बारा रोज तर न्हाईच,” रिसालदार म्हणाले. “मग उद्या कशावर बसताय?”

“कोण रिकामं आहे?”

दस्तगीरनं तोंडावर हात धरला. “सरपंच,” तो म्हणाला.

सरपंच म्हणजे क्लबातला सगळ्यात जुना घोडा. पोरं त्याच्यावर पहिला धडा गिरवायची. पाठ चौरंगाएवढी, पोट त्याहून मोठं, आणि दुडकी अशी, की खडी टाकलेल्या रस्त्यावरची बैलगाडी बरी. ड्रेसाजचं सोडा, वळायचं की नाही हेही सरपंच स्वतः ठरवायचा.

“मास्तर, आधीच सांगतो,” रिसालदार म्हणाले, “सरपंचावर तुमी पास हुयाचं न्हाई.”

“न बसता तरी कुठं पास होणार आहे?” मी म्हणालो.

सव्वीसला दहा वाजता मी मैदानाच्या तोंडाशी उभा होतो. अंगात मी स्वतः शिवलेला काळा कोट, खाली सरपंच आणि त्याच्यावर क्लबाची ती सार्वजनिक खुर्ची. विजयमाला शाळेतलं झेंडावंदन उरकून तशीच आली होती, पदराला छोटा तिरंगा टाचलेला. परीक्षक पुण्याचे एक निवृत्त कर्नल होते. माझा कोट पाहून त्यांनी शेजाऱ्याला काहीतरी विचारलं, तेव्हा माझी मान जरा ताठ झाली. ती तेवढ्यापुरतीच.

घंटा वाजली. सरपंच निघाला आणि मी उडालो. पहिल्या वळणावर उडालो, दुसऱ्यावर उडालो. गोल काढायचा तिथं सरपंचानं बटाटा काढला. थांबायचं तिथं थांबला नाही, आणि थांबायचं नव्हतं तिथं उभा राहून उसाकडे बघत बसला. कुंपणावर लोक आधी दबून हसत होते, मग मोकळे हसायला लागले. मी दात आवळले, गुडघे आवळले, कंबर लोखंडासारखी ताठ केली. जितका ताठ होत गेलो, तितका उंच उडत गेलो. आयुष्यातली शेवटची रपेट आणि तीही अशी, असं मनात येऊन डोळे भरून आले होते.

शेवटच्या वळणावर, बरोबर परीक्षकांच्या टेबलासमोर, सरपंचानं वारा सोडला. साधासुधा नाही. दुडकीच्या प्रत्येक पावलाला एक, असे ओळीनं सात-आठ, तोफांची सलामी द्यावी तसे. मग कर्नलसाहेबांनी कागद तोंडावर धरला, आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले.

मला हसू फुटलं. आवरेचना. एवढा कोट, एवढा शब्द, एवढी तडफड, आणि खाली हा आवाज! मी पोट धरून हसावं तसा हसलो, फक्त हात लगामावर होते. छातीतला कोंडलेला वारा माझाही सुटला, गुडघे सुटले, कंबर सैल पडली. तसाच हसत मधल्या रेषेवर वळलो. अर्धी रेषा ओलांडल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी उडत नाहीये. सरपंचाची पाठ वर येत होती आणि मी तिच्याबरोबर वर जात होतो. ती खाली जात होती आणि मीही जात होतो. गुडघ्यापुढं उशी नव्हती, धरून ठेवणारं काहीच नव्हतं, आणि मी बसलो होतो. ती रेषा संपूच नये असं वाटलं मला. पण संपली. सरपंच जरा तिरकाच उभा राहिला, मी सलामी दिली आणि बाहेर आलो.

निकाल फळ्यावर लागला. नऊ प्रकारांचे मिळून चाळीस, शेवटच्या मधल्या रेषेला सात. एकूण सत्तेचाळीस. तीन गुणांनी नापास.

मी सरपंचाला पाणी दाखवलं, त्याच्या पाठीवरून खरारा फिरवला. मग कस्तुरीपाशी गेलो. तिनं अजून तोंड फिरवलेलंच होतं. मी तिची माफी मागितली, मोठ्यानं, दस्तगीर ऐकत असताना. बाहेर आलो तर विजयमाला फळ्यासमोर उभी होती. बाजूला रिसालदार फेटा सावरत उभे होते, पोरानं प्रगतिपुस्तक दाखवताना उभं राहावं तसे.

“संपलं,” मी म्हणालो. “शब्द म्हणजे शब्द. उद्यापासून दुकान नऊला उघडतो.”

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. फळ्यावरचे आकडे बोटानं खालपर्यंत मोजत गेली. “चार, पाच, चार, चार, पाच...” आणि सातावर थांबली. “इथं तुम्ही हलत नव्हता. मी बघितलं. इथं काय केलंत?”

“काही नाही. हसलो फक्त.”

“हं.” तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. तिचे डोळे हसत होते की भरले होते, मला आजही सांगता येणार नाही. “अहो, पास झालेल्या पोरानं शाळा सोडली तर ते मला समजतं. माझ्या वर्गात नापास झालेल्याला घरी नाही पाठवत मी. त्याला त्याच वर्गात पुन्हा बसवते.”

“पण मी तुला शब्द...”

“तो तुम्ही दिला होतात. मी कुठं मागितला होता?” मग तिनं चष्मा लावला आणि रिसालदारांकडे वळली. “रिसालदार, यांना याच वर्गात ठेवा. आणि पुढच्या सव्वीस जानेवारीला शेवटच्या प्रकारात सात पडले आणि पहिल्यात चार पडले, तर मी तुम्हाला विचारीन, यांना नाही.”

रिसालदारांनी खाडकन टाचा जुळवल्या. “हुकूम, बाई!”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी सरपंचाच्या पाठीवर होतो, बिनखोगीर, आणि दुकान अकराला उघडलं.